पहिला फोन कुणाला?



आजचा विषय माझा नाही, इंदूरच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात एमएस करायला निघाली आहे. ताईंनी लिहिलंय, "तिथं फुटबॉलच्या पोरांना सात खून माफ असतात असं ऐकते. त्यांच्यापैकी कुणी खरोखर काही वाईट केलं, तर कॉलेज करतं तरी काय? तुम्ही फौजेत शिस्तीची प्रकरणं हाताळलीत, म्हणून तुम्हाला विचारते."

प्रश्न सरळ आहे, उत्तर जरा लांब आहे. सगळं माफ असतं हे खरं नाही, आणि सगळीकडे न्याय होतो हेही खरं नाही. फरक कुठे पडतो ते मी आज सांगणार आहे. बऱ्याच वेळा तो पहिल्या चोवीस तासांतच पडतो, आणि खबर कुणाच्या टेबलावर गेली यावर पडतो.

हा क्रीडा संचालक कोण?

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल म्हणजे आपण पायांनी खेळतो तो नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि लांबट चेंडू हातात धरून पळायचं. सामने मुख्यतः शनिवारी. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात. आपल्या वानखेडेची तीन स्टेडियम भरतील एवढी गर्दी, आणि तीही कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला. तिकिटं, टीव्हीचे हक्क, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, असा सगळा पैसा त्या शनिवारभोवती फिरतो. अनेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलच्या कमाईवरच पोहणं, कुस्ती, मुलींचे संघ हे सारं चालतं. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेजं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर.

या सगळ्या कारभाराचा प्रमुख म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टर. आपण त्याला क्रीडा संचालक म्हणू. कोच नेमणं, काढणं, बजेट सांभाळणं, देणगीदारांना खूश ठेवणं, सगळं त्याच्याकडे. त्याच्या वर विद्यापीठाचा अध्यक्ष. कागदावर फुटबॉलचा कोच क्रीडा संचालकाच्या हाताखाली असतो. पण कोचचा पगार बहुतेक ठिकाणी संचालकापेक्षाही जास्त आणि अध्यक्षापेक्षाही जास्त. संघ जिंकत असताना अशा कोचला दुखवायची छाती फार थोड्यांची असते.

तीन वाटा

समजा एखाद्या खेळाडूवर बलात्काराचा, मारहाणीचा, घरगुती हिंसेचा आरोप झाला. तिथून तीन वेगवेगळ्या वाटा फुटतात.

पहिली वाट पोलिस आणि सरकारी वकिलाची. तिथं गुन्हा रास्त शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पुरावा कमी पडला तर खटलाच उभा राहत नाही.

दुसरी वाट विद्यापीठाची. 1972 चा एक केंद्रीय कायदा आहे, त्याला टायटल नाइन म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, असा तो कायदा. लैंगिक हिंसा त्यातच मोडते. म्हणून विद्यापीठाला टायटल नाइनसाठी किमान एक अधिकारी नेमावा लागतो, आणि रीतसर तक्रार आली की चौकशी करावी लागते. इथं बहुतेक संस्था "घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त" एवढ्या पुराव्यावर निर्णय देतात. शिक्षा तुरुंगाची नसते. निलंबन होतं किंवा विद्यापीठातून काढून टाकतात.

तिसरी वाट संघाची. संघात खेळणं हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. चौकशी चालू असताना खेळाडूला बाहेर बसवता येतं.

क्रीडा संचालकाचा हात फक्त या तिसऱ्या वाटेवर चालतो. पण गंमत अशी, की खबर पुष्कळदा सगळ्यात आधी त्याच्याच खात्यात येते. खेळाडू सहायक कोचला सांगतो, मुलगी ओळखीच्या ट्रेनरला सांगते, कुणाचे वडील थेट हेड कोचला फोन करतात. म्हणून या माणसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम मला असं दिसतं: खबर आपल्या खात्यात मुरू न देता त्याच दिवशी टायटल नाइन कार्यालयाकडे द्यायची, गुन्हा असेल तर पोलिसांना कळेल अशी व्यवस्था करायची, आणि मगच संघाचा विचार करायचा. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते बेलरमध्ये दिसलं.

बेलर: घरातच मिटवायची सवय

बेलर हे टेक्सासमधल्या वेको गावातलं खासगी, ख्रिस्ती बॅप्टिस्ट पंथाचं विद्यापीठ. त्यांचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षं तळाला असायचा. आर्ट ब्राइल्स नावाचा कोच आला आणि चित्र पालटलं. 2013 मध्ये त्यांनी आपली बिग ट्वेल्व्ह स्पर्धा जिंकली, 2014 मध्ये संयुक्त विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी ब्राझोस नदीच्या काठी नवं कोरं स्टेडियम उभं राहिलं.

आणि त्याच काळात त्यांचे खेळाडू बलात्काराच्या आरोपांत एकामागून एक कोर्टात उभे राहत होते. जानेवारी 2014 मध्ये एका माजी खेळाडूला 20 वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट 2015 मध्ये दुसरा दोषी ठरला. तो दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आलेला होता. मग विद्यापीठानं बाहेरच्या वकिलांच्या फर्मला चौकशी दिली. 26 मे 2016 रोजी निष्कर्ष जाहीर झाले, आणि ते वाचून माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर काटा आला. फुटबॉल खात्यानं आपली वेगळीच अंतर्गत शिस्तव्यवस्था उभी केली होती. काही प्रकरणांत कोच किंवा त्यांची माणसं तक्रारदार मुलीला किंवा तिच्या पालकांना स्वतः भेटली, आणि क्रीडा खात्याबाहेर कुणालाही त्यांनी कळवलं नाही. अनेक खेळाडूंनी मिळून केलेल्या अत्याचाराची तक्रारही त्यात होती. विद्यापीठाला पूर्णवेळ टायटल नाइन अधिकारी मिळाला होता तो थेट नोव्हेंबर 2014 मध्ये.

ब्राइल्स गेले. केनेथ स्टार यांचं अध्यक्षपद गेलं. हे तेच स्टार, ज्यांनी क्लिंटन यांची चौकशी केली होती. क्रीडा संचालक इयन मकॉ यांच्यावर कारवाई होऊन त्यांना प्रोबेशनवर ठेवलं, आणि चार दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते दुसऱ्या एका विद्यापीठाचे क्रीडा संचालक झालेही. पुढे 2021 मध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिनं निकाल दिला, की नैतिक अपयश उघड आहे, पण लैंगिक हिंसेची खबर वर न कळवणं हा आमच्या नियमपुस्तकाचा भंग ठरत नाही. शिकवणी किंवा परीक्षेत संघाला फुकटची मदत मिळाली तर तिथं दंड होतो. इथं नियमच नव्हता.

माझी एक रात्र

आता एक कबुली देतो. बेलरच्या लोकांवर बोट दाखवण्याआधी ती द्यायलाच हवी.

मी मेजर होतो, कंपनी कमांडर. पलटणीच्या बॉक्सिंग टीमची जबाबदारीही माझ्याकडे होती. फायनल शनिवारी. गुरुवारी संध्याकाळी छावणीतला एक सिव्हिलियन माळी ऑफिसबाहेर येऊन उभा राहिला. आमच्या सगळ्यात चांगल्या बॉक्सरनं त्याच्या मुलीला वाटेत अडवलं, हात धरून ओढलं, ओढणी फाडली, अशी तक्रार. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "ठीक आहे, बघतो." मनात आलं, फायनल होऊन जाऊ दे.

आमचे सीनियर जेसीओ साहेब कोल्हापूरकडचे. ते रजिस्टर उघडून शांतपणे म्हणाले, "साहेब, तक्रार आज आली म्हणून लिहू, का सोमवारी?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी बोलू."

सकाळी माळी परत आला. मान खाली. "साहब, गलती हो गई. शिकायत वापस लेता हूँ." रात्री टीममधले दोन जवान त्याच्या क्वार्टरवर जाऊन त्याला "समजावून" आले होते. मी त्यांना पाठवलं नव्हतं. पण रात्र मी दिली होती.

मग मी कमांडिंग ऑफिसर साहेबांसमोर गेलो आणि माझ्या उशिरासकट सगळं सांगितलं. प्रकरण पोलिसांकडे गेलं. बॉक्सर फायनलला उतरला नाही. त्या वजनगटात आम्ही हरलो. मला जे बोलणं खावं लागलं ते रास्तच होतं. आज तीस वर्षांनीही मला ती हार आठवत नाही, तो माळी आठवतो.

म्हणून सांगतो, यात प्रत्येक वेळी कुणी खलनायक असतोच असं नाही. ज्याचं यश त्या पोरावर अवलंबून आहे, त्याच्या हातात खबर एक रात्र जरी राहिली, तरी ती रात्र तक्रारदाराच्या विरोधात जाते.

दार कुठलं असावं

लुईझियाना स्टेट विद्यापीठाबद्दलचा बाहेरच्या वकिलांचा अहवाल मार्च 2021 मध्ये आला. तिथं नियम होता, पण कसा? क्रीडा खात्यातल्या कर्मचाऱ्यानं तक्रार टायटल नाइन कार्यालयाकडे थेट नेण्याऐवजी खात्यातल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे द्यायची. म्हणजे दार होतं, पण घराच्या आतच उघडणारं. वर टायटल नाइन कार्यालयाकडे पुरेशी माणसंही नव्हती. क्रीडा खात्यातल्या दोन वरिष्ठांना बिनपगारी निलंबन मिळालं, एकाला 30 दिवस, दुसऱ्याला 21 दिवस. एवढंच का, असं तिथल्या विद्यार्थिनींनी तेव्हाच विचारलं होतं.

याच्या उलट व्हँडरबिल्ट. नॅशव्हिलमधलं हे खासगी विद्यापीठ. जून 2013 मध्ये वसतिगृहातल्या एका मोडलेल्या दाराचा शोध घेताना कर्मचाऱ्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. त्यात फुटबॉलचे खेळाडू एका बेशुद्ध मुलीला खोलीत नेताना दिसले. काय घडलं ते तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. कुणाचीही तक्रार नव्हती. ते चित्रण दाबून टाकलं असतं तर कदाचित कधीच बाहेर आलं नसतं. विद्यापीठानं काही दिवसांतच पोलिसांना कळवलं. चार खेळाडूंना संघातून काढलं, कॅम्पसवर यायला बंदी केली. पुढे तिघांना 15 ते 17 वर्षांची शिक्षा झाली, चौथा कमी गंभीर गुन्हा कबूल करून साक्षीदार झाला. घटना टळली नाही, पण पुरावा वाचला.

संघच अडून बसला तर?

सगळ्यात अवघड प्रसंग मला मिनेसोटाचा वाटतो. सप्टेंबर 2016 मध्ये एका विद्यार्थिनीनं अनेक खेळाडूंवर सामूहिक अत्याचाराचा आरोप केला. चार खेळाडूंना बाहेर बसवलं गेलं. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलानं खटला भरायला नकार दिला, आणि ते परत मैदानात उतरले. लोकांना वाटलं, संपलं प्रकरण. पण दुसरी वाट चालूच होती. विद्यापीठाच्या कार्यालयाची चौकशी डिसेंबरमध्ये पुरी झाली, आणि क्रीडा संचालक मार्क कॉयल यांनी 10 खेळाडूंना निलंबित केलं. हे कॉयल त्याच वर्षी आले होते. त्यांच्या आधीचा क्रीडा संचालक स्वतःच लैंगिक छळाच्या प्रकरणात राजीनामा देऊन गेला होता.

दोन दिवसांनी अख्ख्या संघानं बहिष्कार पुकारला. साथीदारांना परत घ्या, नाहीतर आम्ही हॉलिडे बोलचा सामना खेळणार नाही. हेड कोच ट्रेसी क्लेज यांनी जाहीरपणे पोरांची बाजू घेतली. आता त्या संचालकाच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. बारा दिवसांवर मोठा सामना, टीव्हीचा करार झालेला, आणि गोपनीयतेच्या कायद्यामुळे निलंबनाचं कारणही तोंडानं सांगता येत नाही.

विद्यापीठ हललं नाही. दरम्यान चौकशीचा सविस्तर अहवाल एका टीव्ही वाहिनीवर फुटला. तो वाचल्यावर 17 डिसेंबरला पोरांनी बहिष्कार मागे घेतला. ते निलंबित दहा जणांशिवाय सामना खेळले आणि जिंकलेही, 17-12. जानेवारीत कॉयल यांनी क्लेज यांना काढलं.

पण गोष्ट इथं संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. नंतरच्या सुनावण्यांत दहापैकी काही विद्यापीठातून गेले, आणि काही निर्दोष ठरले. निर्दोष ठरलेल्यांच्या नावापुढेही तो डिसेंबर कायमचा लागला. म्हणून बाहेर बसवणं ही शिक्षा नाही, चौकशीपुरती व्यवस्था आहे, हे संचालकानं पहिल्या दिवशीच मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

उतावळेपणाची किंमत ड्यूक विद्यापीठानं दाखवली. खेळ फुटबॉल नव्हता, लॅक्रॉस होता, पण क्रीडा संचालकाची खुर्ची तीच. 2006 मध्ये तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. कोचला राजीनामा द्यावा लागला, उरलेला हंगाम रद्द झाला. वर्षभरानं राज्याच्या ॲटर्नी जनरलनी तिघेही निर्दोष असल्याचं जाहीर केलं, आणि पुरावा लपवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. आज टायटल नाइनच्या चौकशीत 2020 चे नियम लागू आहेत, आणि त्यानुसार दोन्ही बाजूंच्या सल्लागारांना सुनावणीत उलट प्रश्न विचारता येतात. तक्रारदाराला ते जड जातं, यात शंका नाही. पण आरोपीलाही ऐकून घेतलंच पाहिजे.

एका कॉलेजातून दुसऱ्यात

जुनी पळवाट एक होती. इथं काढलेला खेळाडू दुसरीकडे घ्यायचा. 2015 मध्ये दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांच्या गटानं, एसईसीनं, गंभीर गैरवर्तनासाठी काढलेल्या खेळाडूला घ्यायला बंदी केली. 2017 मध्ये इंडियाना विद्यापीठानं लैंगिक हिंसेत दोषी ठरलेल्यांना संघाचं दार बंद केलं. एनसीएएनं 2017 पासून अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि टायटल नाइन अधिकारी या तिघांकडून दरवर्षी लेखी हमी घ्यायला सुरुवात केली. 2022-23 पासून खेळाडूनं आपला इतिहास दरवर्षी लिहून द्यायचा, आणि नव्या कॉलेजनं जुन्या कॉलेजकडे विचारणा करायची, हेही आलं. सही केल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणणं अवघड होतं. फौजेत सहीची किंमत काय असते, ते मला वेगळं सांगायला नको.

आपल्या फौजेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 70 असं म्हणतं, की जवानानं बाहेरच्या व्यक्तीचा खून किंवा बलात्कार केला तर, प्रत्यक्ष मोहिमेवर किंवा देशाबाहेर असण्यासारखे अपवाद सोडून, तो खटला कोर्ट मार्शलसमोर चालत नाही. तो मुलकी न्यायालयातच जातो. आणि जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये आरोपीचा स्वतःचा कमांडिंग ऑफिसर न्यायाला बसू शकत नाही. लहानसहान गुन्ह्यांसाठी समरी कोर्ट मार्शल तोच चालवतो, हेही खरं, आणि त्यावर टीकाही होते. पण मूळ विचार पक्का आहे: जो त्या पोराला लढाईत नेणार, त्यानं असल्या प्रकरणात त्याचा न्यायाधीश होऊ नये. अमेरिकेतल्या कॉलेजांना हेच धडे डोकं आपटून शिकावे लागले.

ताई, मुलीला एवढं सांगा

तिला घाबरवू नका. पण विमानात बसायच्या आधी तिच्या फोनमध्ये तीन नंबर जाऊ द्या: विद्यापीठाचं टायटल नाइन कार्यालय, स्थानिक पोलिस, आणि विद्यापीठातलं गोपनीय समुपदेशन केंद्र. पहिले दोन कारवाई करू शकतात, तिसऱ्या ठिकाणी बोललेलं सहसा तिथंच राहतं. हा फरक तिला आधीच माहीत असू दे. काही घडलंच तर हॉस्पिटलमध्ये पुरावा जपणारी तपासणी करून घेता येते. तिच्यासाठी आधी पोलिसांत तक्रार द्यावी लागत नाही, आणि त्या तपासणीचा खर्चही तिच्यावर येत नाही. कॉलेजची गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करणं क्लेरी कायद्यानं 1990 पासून बंधनकारक आहे, ती वाचा. शून्य आकडा पाहून मात्र लगेच निश्चिंत होऊ नका. काही ठिकाणी शून्याचा अर्थ एवढाच असतो की कुणी लिहूनच घेतलं नाही.

आणि तिच्या वर्गातली एखादी मैत्रीण रडत तिच्याकडे आली, तर तिला कोचकडे नेऊ नका म्हणावं. कोच भला माणूस असेलही. पण त्याचा शनिवारी सामना असतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.